समुपदेशनाचं लक्ष्य अन् आकडे: आधी हजेरीपट उघडा सर

सर, तुमचा प्रश्न वाचला. घाटंजीकडच्या अनुदानित हायस्कूलात तुम्ही गणित शिकवता, यंदा समुपदेशनाचा चार्ज तुमच्या गळ्यात पडला, हेडमास्तर म्हणतात वार्षिक नियोजनात लक्ष्य लिहा अन् वर्षाच्या शेवटी आकडे दाखवा, आणि तुम्ही विचारून राहिले की पोरांच्या मनातलं मोजायचं तरी कसं, हे नुसते कागदी घोडे तर नाहीत ना. मी यवतमाळ जिल्ह्यातच हायस्कूल आणि आश्रमशाळांमध्ये बरीच वर्षं हे काम केलंय, त्यामुळे जे लिहिते ते इकडचं आहे, पुण्या-मुंबईच्या शाळांना लागू पडेलच असं नाही.

मनातलं मोजायच्या भानगडीत पडूच नका. पोरगं शाळेत किती दिवस येतं, आलं तर मधल्या सुट्टीनंतर टिकतं का, कोणत्या विषयात अडकलंय, टीसी नेला का, नेला तर पुढं कुठं नाव घातलं, हे सगळं मोजता येतं आणि यातलं बरंचसं तुमच्या ऑफिसच्या कपाटात आधीच लिहून ठेवलेलं आहे.

बहुतेक अहवाल कसे असतात ते तुम्हालाही माहीत आहे. एवढी सत्रं घेतली, एवढे विद्यार्थी लाभान्वित झाले, छायाचित्रं सोबत जोडली आहेत. यात आपण काय केलं ते कळतं, पोरांचं काय झालं ते कळत नाही. अमेरिकेतल्या शालेय समुपदेशकांच्या संघटनेनं २००३ मध्ये एक राष्ट्रीय मॉडेल काढलं, पुढे त्याच्या सुधारित आवृत्त्याही आल्या, त्यात माहितीचे तीन प्रकार धरतात: कार्यक्रमाला किती पोरं बसली, त्यांच्या समजुतीत काय फरक पडला, आणि शेवटी हजेरी, मार्क, शिस्त यातलं काही हललं का. तिकडे २५० विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक असावा आणि त्याचा ८० टक्के वेळ पोरांसाठीच जावा अशी शिफारस आहे. इकडे बाप्पा तुम्हीच गणित घेणार, तुम्हीच मतदार यादीचे बीएलओ, तुम्हीच स्कॉलरशिपचे फॉर्म भरणार. म्हणून ते मॉडेल जसंच्या तसं उचलायला जाऊ नका, त्यातला तिसरा प्रश्न तेवढा घ्या, की शेवटी हललं काय?

सुरुवात नववीपासून करा. पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा अन् फेरपरीक्षा आली तरी नापास होण्याची खरी धास्ती नववीतच बसते, त्यात आसपासच्या गावातली जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेली पोरं हायस्कूलात नवी असतात, अन् पोरींच्या लग्नाची बोलणीही याच वयात सुरू होतात. मागच्या वर्षीचा नववीचा हजेरीपट घ्या आणि महिन्याची टक्केवारी बघूच नका. वर्गाची हजेरी ९२ टक्के दिसली तर वाटतं ठीकच आहे, पण त्यात चाळीस पोरं रोज येणारी अन् आठ पोरं अर्ध्या वर्षाला गायब असं असू शकतं. एकेका नावाच्या ओळीवर बोट ठेवून आडवं वाचत जा. कामाचे २२० दिवस धरले तर त्यातले २२ दिवस, म्हणजे दहा टक्के, जो बुडवतो त्याच्या नावापुढे पेन्सिलीनं खूण करा. हा तुमचा पाया, अन् यंदाच्या नववीचं पहिलं सत्र असंच वाचलं की ती तुमची यादी.

आता या यादीकडे शेतीचं कॅलेंडर शेजारी ठेवून बघा. आपल्याकडे शाळाच मुळात जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडते, उन्हामुळे. जुलैत निंदण, दसऱ्याच्या आगंमागं सोयाबीनची सोंगणी, मग दिवाळीपासून कापूस वेचणी, त्यात पोरी जास्त. होळीच्या सुमारास मोहफुलं, नंतर तेंदूपत्ता. पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत असता तर जुलै-ऑगस्टात धानाची रोवणी म्हटलं असतं. गैरहजेरीचा गठ्ठा या दिवसांत पडला असेल तर कारण उघड आहे. मजा (खरं तर मजा नाही) तेव्हा येते जेव्हा गठ्ठा या कॅलेंडरात बसत नाही.

असं एक पान मला चांगलं आठवतं. एका पोरीच्या ओळीत तीन-तीन, चार-चार दिवसांचे गै (गैरहजर), मधे महिनाभर पूर्ण हजर, पुन्हा चार दिवस गै. पहिल्या पावसात, मग थंडीत, मग वार्षिक क्रीडा महोत्सव झाला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. वर्गशिक्षक म्हणायचे कामचुकार आहे, पीटी झाली की हमखास दांडी. आईला विचारलं तं म्हणे, "मॅडम, हातपाय दुखते म्हणून रडते रातभर, अंगाले हात नाही लावू देत." थंडी, पाणी कमी पिणं, ताप, जास्तीची दगदग यानं सिकलसेलच्या (रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या) पेशंटला कळा येतात हे आपल्या भागात शिक्षकांना माहीत असायलाच पाहिजे, पण हजेरीपटात ते दिसतं हे कुणी सांगत नाही. आरोग्य केंद्रात रक्ताची सोल्युबिलिटी टेस्ट, मग पुढची इलेक्ट्रोफोरेसिस झाली अन् एसएस पॅटर्न, म्हणजे प्रत्यक्ष आजारच, निघाला. त्या पोरीला माझ्या समुपदेशनाची गरज त्या वेळी कमीच होती, गरज होती गोळ्यांची, पाण्याच्या बाटलीची, पीटीतून सूट देण्याची आणि वर्गात "नाटकी" म्हणणं बंद होण्याची. सिकलसेल २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, त्यामुळे प्रमाणपत्राची खटपटही करता येते. एक मात्र लक्षात ठेवा, असा पॅटर्न कुणाच्याही नावापुढे वहीत लिहायचा नाही, आपल्याकडे त्यावरून पोरीची सोयरीक मोडते.

म्हणून माझा क्रम असा आहे: आधी यादी, मग कारण, मग कार्यक्रम. शाळा याच्या उलट करतात. आधी ‘तणावमुक्ती कार्यशाळा’ ठरते, वक्ता ठरतो, मग त्यात बसवायला पोरं शोधतात.

कारण शोधायला मोठा फॉर्म लागत नाही, दोनशे पानी वही पुरते. यादीतल्या प्रत्येकाशी पाच-दहा मिनिटं बोला, जमलं तर आईशी किंवा आजीशी, आणि एका शब्दात कारण टाका: शेत, लहान भावंडं, दुखणं, बस, पाळी, गणित, मारकुटे सर, लग्नाची बोलणी, घरी दारू, माहीत नाही. (गणित हे कारण आलं तर मनाला लावून घेऊ नका, सगळीकडे येतं.) "माहीत नाही" हेही प्रामाणिकपणे लिहा, ते पुढे भरलं जातं. मग हीच यादी गावाप्रमाणे लावून बघा. जातीप्रमाणे, मुलगा-मुलगी अशी वाटणी सगळे करतात आणि करायलाही पाहिजे, पण खेड्यातल्या शाळेत गावाप्रमाणे लावलं की काहीतरी हमखास दिसतं. यादीतल्या निम्म्या पोरी एकाच रस्त्यावरच्या दोन गावांच्या निघाल्या तर दोष पोरींचा नाही, बसचा आहे. मानव विकास योजनेतली पोरींसाठीची निळी बस वेळ बदलून पहिल्या तासानंतर पोचत असेल तर पोरगी उशिरा आली म्हणून बोलणी खाण्यापेक्षा घरीच राहते. तिथं हेडमास्तरांच्या सहीचं पत्र घेऊन डेपो मॅनेजरकडे जाणं हेच समुपदेशन. तसंच पोडावरच्या (कोलामांच्या वस्तीवरच्या) कोलाम पोरांचं. कोलाम ही राज्यातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक, पोरांची घरची भाषा कोलामी, वर्गात मराठी, त्यातही पुस्तकातली. ते पोरगं गप्प बसतं म्हणून आपण "आत्मविश्वास कमी" लिहून मोकळे होतो.

आता लक्ष्य लिहायचं कसं. "विद्यार्थ्यांचा सर्वांगीण विकास साधणे" हे लिहू नका, ते साधलं की नाही कुणालाच कळणार नाही. असं लिहा: समजा तुमच्या नववीत ५८ पोरं आहेत अन् त्यातल्या ११ जणांनी पहिल्या सत्रात दहा टक्क्यांपेक्षा जास्त दिवस बुडवले, तर या ११ पैकी किमान ६ जण दुसऱ्या सत्रात दहा टक्क्यांच्या आत येतील, आणि ११ च्या ११ जण मार्चमध्ये वार्षिक परीक्षेला बसलेले असतील. कोण, काय, किती, कधीपर्यंत, सगळं एका वाक्यात आलं. असं लक्ष्य वर्षाला एक पुरे, फार तर दोन. पाच लिहिले की एकही होत नाही.

तुम्ही गणितवाले म्हणून दोन सापळे सांगते जे बाकीच्यांना पटवून द्यायला मला फार वेळ लागतो. एक, पहिल्या सत्राची तुलना दुसऱ्या सत्राशी सरळ करू नका. कापूस संपला की हजेरी आपोआप वर येते, त्याचं श्रेय तुमच्या कार्यशाळेला देऊन टाकाल. तुलना मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी करा, डिसेंबर-डिसेंबर, फेब्रुवारी-फेब्रुवारी, म्हणूनच जुना हजेरीपट काढायला सांगितला. दोन, सगळ्यात वाईट हजेरीवालीच पोरं निवडली की त्यातली काही तुम्ही काही न करताही सुधारतात, कारण कुणाला तेव्हा टायफॉईड झाला होता, कुणाच्या घरी मयत होती. म्हणून बाकीच्या वर्गाची हजेरीही शेजारी लिहा. आणि ११ पोरांचे टक्के काढत बसू नका, "११ पैकी ७" असंच लिहा, एक पोरगं इकडचं तिकडं झालं की टक्का नऊनं हलतो अन् मीटिंगमध्ये उगाच टाळ्या पडतात.

हजेरीपट खोटं बोलतो हेही सांगून ठेवते. आठवीपर्यंत पोषण आहार आहे, वर संचमान्यता (पटावरून शिक्षकांची पदं ठरवणं) आहे, पट कमी झाला की शिक्षकाचं पद जातं, म्हणून कित्येक नावं पटावर जिवंत ठेवली जातात अन् सकाळची हजेरी थोडी उदार असते. यात कुणा एकाला दोष देण्यात अर्थ नाही, व्यवस्थाच तशी आहे. तुम्ही आपली वेगळी मोजणी ठेवा, आठवड्यातून दोन दिवस, मधल्या सुट्टीनंतरच्या पहिल्या तासाला, नुसती डोकी. आठवडी बाजाराचा दिवस त्यात धरा. ही वही कुणाला पकडायला नाही हे स्टाफरूममध्ये आधीच सांगून टाका, नाहीतर तुम्हाला चहाला कोणी बोलावणार नाही.

याहून वाईट खोटं लक्ष्यामुळेच तयार होतं. मला एक शाळा माहीत आहे, नाव घेत नाही, तिथं "दहावीचा निकाल १०० टक्के" हा फ्लेक्स दरवर्षी गेटवर लागतो. कसा लागतो? नववीतली कच्ची पोरं मार्चनंतर बोलावून पालकाला समजावतात, याला सतरा नंबरचा फॉर्म भरून द्या, बाहेरून दहावी होऊन जाईल, इथं वर्ष वाया जाईल. पालकाला वाटतं सर भल्याचंच सांगून राहिले. त्यातलं कोण खरंच फॉर्म भरतं, कोण परीक्षेला बसतं अन् कोण वीटभट्टीवर किंवा पुण्याकडे कंपनीत जातं हे कुणीच मोजत नाही, निकाल मात्र शंभर टक्के! म्हणून तुम्ही टक्क्याच्या मागे न लागता नावाच्या मागे लागा. आठवीत दाखल झालेल्या पोरांची नावं लिहा आणि तीन वर्षं तीच नावं धरून ठेवा, दहावीच्या परीक्षेला त्यातली किती बसली, बाकीची कुठं आहेत. माझ्या मते समुपदेशनाचा सगळ्यात खरा आकडा हाच, अन् सगळ्यात जास्त विरोधही यालाच होतो.

पोरांना प्रश्नावली द्यायची असेल तर एक गंमत लक्षात घ्या. "कार्यक्रम आवडला का? आत्मविश्वास वाढला का?" असं विचारलं की आपली पोरं सगळीच्या सगळी "हो सर" लिहितात, चांगल्या अक्षरात. त्यापेक्षा वर्षाच्या सुरुवातीला अन् शेवटी कोरी चिठ्ठी द्या, स्वतःचं नाव लिहायचं नाही, एकच प्रश्न: मनात काही टोचत असेल तर शाळेतल्या कोणत्या मोठ्या माणसाशी बोलशील? किती चिठ्ठ्या कोऱ्या येतात ते मोजा. जुलैत वीस कोऱ्या होत्या अन् मार्चमध्ये नऊ, तर काहीतरी बरं घडलं. एका शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशीचं नाव बऱ्याच चिठ्ठ्यांवर आलं, शिक्षकांपेक्षा जास्त. थोडी कुरबूर झाली, पण नंतर आम्ही त्या मावशीलाच बसवून सांगितलं की पोरगी असं-असं काही बोलली तर मला कळवा, त्याचा जेवढा उपयोग झाला तेवढा पोस्टर लावून झाला नव्हता.

खर्रा (तंबाखू-सुपारीची पुडी) हे पहिलं लक्ष्य म्हणून घेऊ नका, सगळेच सुचवतील. खरं कोणी सांगणार नाही आणि स्टाफमधल्या निम्म्यांच्या खिशात पुडी असताना पोरांना सर्व्हे द्यायला तोंड राहत नाही. आधी दुसऱ्या एखाद्या कामात पोरांचा विश्वास बसू द्या.

काही गोष्टी मात्र लक्ष्यात कधीच टाकायच्या नाहीत. जीव द्यायची भाषा करणारी पोरं, घरातला किंवा बाहेरचा लैंगिक त्रास, ठरवलेलं लग्न. "अशा केसेस निम्म्यावर आणू" असं लिहिलंत की केसेस कमी होत नाहीत, नोंदी कमी होतात. उलट तुम्ही नीट काम सुरू केलं तर पहिल्या वर्षी असे आकडे वाढतात, कारण पोरं बोलायला लागतात, हे हेडमास्तरांना जूनमध्येच सांगून ठेवा म्हणजे मार्चमध्ये घाबरणार नाहीत. लैंगिक अत्याचाराचं कळलं तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे, तिथं "मी कुणाला सांगणार नाही" असं वचन पोराला आधी देऊन बसू नका. बालविवाहाचं कळलं तर चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८, आणि गावात ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहेत. जिवाची भाषा असेल तर पोराला एकटं सोडायचं नाही, घरच्यांना सोबत घेऊन जिल्हा रुग्णालयात न्यायचं, रात्री-बेरात्री टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ चालतो, मराठीतही बोलतात. हे शिक्षकाच्या आवाक्यातलं काम नाही आणि नसायलाही पाहिजे. सुप्रीम कोर्टानं जुलै २०२५ मध्ये सांगितलंय की १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञाशी जोडून घ्यावं. चार्ज मिळाला म्हणून आपण पात्र होत नाही. तुमच्या शाळेचा पट शंभराच्या वर असणारच, तेव्हा संस्थेकडे या पदाची मागणी लेखी टाकून ठेवा, तिला तुमचे आकडे जोडा, त्याशिवाय तो कागद कोणी उघडणार नाही.

वही कुलपात. नावाऐवजी तुमच्याच खुणा, हजेरी क्रमांकही नको, तो सगळ्या गावाला पाठ असतो. व्हॉट्सॲप ग्रुपवर यातलं एक अक्षर नाही. हेडमास्तरांना फक्त बेरीज द्या, आणि बेरीज दोन-तीनचीच असेल तर तीही कारणासकट देऊ नका, ‘घरी दारू: १’ असं लिहिलं की कोणाच्या घरी ते खेड्यात शिपायालाही कळतं.

स्वतःचा वेळही आठ-दहा दिवस लिहून बघा, समुपदेशनाला प्रत्यक्षात किती मिळतो. तक्रार म्हणून नाही, पण शुक्रवारचा एक तास मोकळा करून मागायचा असेल तर हाच कागद कामी येतो.

वर्षाच्या शेवटी शाळा व्यवस्थापन समितीपुढे एकच पान ठेवा: कोणती पोरं धरली होती (संख्या), कारणं काय निघाली, आपण काय केलं, काय हललं, काय नाही हललं. "नाही हललं" हा रकाना रिकामा सोडू नका, सरपंच आणि पालक त्याच रकान्यावर बोलतात, बसचा प्रश्न तर तिथूनच पुढे जातो, शिक्षकाच्या पत्रानं जेवढं होत नाही तेवढं सरपंचाच्या फोननं होतं.

आता हेडमास्तरांना नियोजन लगेच द्यायचं असेल तर एवढंच लिहून द्या: नववीच्या पहिल्या सत्रातल्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त गैरहजर विद्यार्थ्यांची यादी दिवाळीच्या सुट्टीआधी, कारणांची नोंद नोव्हेंबर अखेर, लक्ष्य डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ठरेल, मधला आढावा जानेवारीत, शेवटचा आढावा निकाल लागल्यावर. आकडा आत्ताच मागितला तर देऊ नका, यादी झाल्याशिवाय टाकलेला आकडा अंदाजपंचेच असतो. आणि जुना हजेरीपट क्लार्ककडून स्वतः सही करून ताब्यात घ्या, ऑडिट लागलं की तोच सगळ्यात आधी शोधतात.